धापेचे कारण आणि कुलूपबंद यंत्र

जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात एका रात्री चार रुग्ण एकापाठोपाठ आले आहेत, अशी कल्पना करा. साठीच्या एका बाईंना अनेक वर्षांचा उच्च रक्तदाब आहे. त्यांना आडवे होता येत नाही, बसवले तरी श्वास पुरत नाही. दुसऱ्या बाईंनी आयुष्यभर चुलीपुढे धूर गिळला आहे. तिसरा तरुण क्षयरोगातून बरा झालेला. संध्याकाळी त्याच्या छातीत एकाएकी कळ आली आणि दम कोंडला. चौथा शेतमजूर जमिनीवर झोपला होता. मध्यरात्री पोटात दुखून तो जागा झाला आणि आता त्याच्या पापण्या मिटत आहेत, श्वास उथळ होत चालला आहे.

चौघांचेही नातेवाईक एकच वाक्य सांगतात, "दम लागलाय." कारणे मात्र चार आहेत. पहिल्या बाईंचे हृदय थकले असून फुप्फुसांत पाणी साचत आहे. दुसऱ्या बाईंच्या श्वासनलिका आकसल्या आहेत. तरुणाचे फुप्फुस फाटून हवा छातीच्या पोकळीत अडकली आहे. शेतमजुराची फुप्फुसे ठणठणीत आहेत. मण्यारीच्या विषाने श्वास घेणारे स्नायूच लुळे पडत चालले आहेत. पहिलीला अंगातले पाणी उतरवणारे औषध हवे, दुसरीला श्वासनलिका रुंदावणारे. तिसऱ्याच्या छातीत नळी घालायला हवी, चौथ्याला सर्पविषावरील लस आणि कृत्रिम श्वास हवा.

हे उपचार नुसते वेगवेगळे नाहीत, त्यांची अदलाबदल घातक ठरते. पाण्याने भरलेल्या फुप्फुसांच्या रुग्णाला सलाइन चढवले तर तो आणखी बुडतो. फाटलेल्या फुप्फुसाच्या रुग्णाला यंत्राने जोर लावून हवा दिली तर अडकलेली हवा वाढते आणि हृदयावरच दाब येतो. शिवाय बाह्य लक्षणे फसवी असतात. फुप्फुसांत पाणी भरलेल्या रुग्णाच्या छातीतूनही कधी कधी दम्यासारखी शिटी ऐकू येते. जुन्या वैद्यकग्रंथांनी त्याला 'हृदयाचा दमा' असे नावच देऊन ठेवले होते. पहिल्या अर्ध्या तासात डॉक्टरांच्या हाती रुग्णाचा त्रोटक इतिहास, स्टेथोस्कोप आणि अनुभव एवढेच असते. एक्स-रे काढायचा तर धापणाऱ्या रुग्णाला दुसऱ्या खोलीत न्यावे लागते, आणि झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये छातीत अडकलेली हवा सहज निसटते.

हा संभ्रम काही मिनिटांत बराच कमी करू शकणारे एक साधन आपल्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत आहे. ते म्हणजे सोनोग्राफीचे यंत्र. परंतु ते बहुधा दुसऱ्या विभागात, ठरावीक वेळी उघडणाऱ्या खोलीत असते. आणि रुग्णापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना ते वापरण्याचे शिक्षण मिळालेले नसते, अधिकार तर अनेकदा नसतोच. ही स्थिती बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती का निर्माण झाली, हे समजून घेतल्याशिवाय ती बदलण्याची भाषा करणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

ध्वनीच्या साहाय्याने छातीचा ठाव घेण्याची परंपरा जुनी आहे. माठ विकत घेताना आपण तो वाजवून पाहतो, कलिंगडावर टिचकी मारतो. व्हिएन्नातील वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी हीच युक्ती १७६१ साली वैद्यकात आणली. ते एका खानावळ चालवणाऱ्याचे चिरंजीव होते. पिंपात मद्य कुठवर आहे हे ठोकून ओळखतात, तसे छातीत पाणी कुठवर आहे हे बोटांनी ठोकून ओळखता येते, हे त्यांनी दाखवले. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर ठेवून कान लावला आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. सोनोग्राफी ही याच वाटेवरची पुढची पायरी आहे. फरक इतकाच, की येथील ध्वनी मानवी कानाच्या मर्यादेपलीकडचा, लक्षावधी कंपनांचा असतो आणि त्याचा प्रतिध्वनी आपण कानाने ऐकण्याऐवजी डोळ्यांनी पाहतो.

तरीही फुप्फुस हा अवयव सोनोग्राफीला दीर्घकाळ वर्ज्य मानला गेला. त्यामागे भौतिकशास्त्राचे कारण होते. मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, हवेतून साधारण ३४० मीटर वेगाने. दोहोंच्या घनतेतही प्रचंड तफावत आहे. त्यामुळे ऊती आणि हवा यांच्या सीमेवर जवळजवळ सगळा ध्वनी परावर्तित होतो. निरोगी फुप्फुस हवेने भरलेले असल्याने त्याच्या आत काही दिसतच नाही. पडद्यावर दिसते ती फुप्फुसावरणाची एक तेजस्वी रेषा आणि तिच्याखाली समान अंतरावर तिचेच आडवे पडसाद. एकमेकांसमोर ठेवलेल्या दोन आरशांत प्रतिमांची रांग दिसावी, तसा हा प्रकार आहे. या पडसादांना 'ए' रेषा म्हणतात.

फ्रान्समधील अतिदक्षता तज्ज्ञ डॅनिएल लिश्टेन्श्टाइन यांनी ज्याला सगळे दोष समजत होते त्यालाच खूण मानले. फुप्फुस दिसत नाही हे खरे. परंतु ते कसे दिसत नाही, यावरून त्याची अवस्था कळते. वायुकोशांभोवतीच्या भिंतींत पाणी झिरपू लागले की हवा आणि पाणी यांच्या मिश्रणातून उभे, तेजस्वी, पडद्याच्या तळापर्यंत न विझता जाणारे पट्टे उमटतात. या 'बी' रेषा. दोन बरगड्यांमधल्या एकाच फटीत अशा तीन किंवा अधिक रेषा दिसल्या आणि तेच चित्र दोन्ही बाजूंना अनेक ठिकाणी आढळले, तर फुप्फुसांत पाणी साचल्याची शंका बळावते. श्वासागणिक फुप्फुसावरणाचे दोन पदर एकमेकांवर सरकताना दिसले, तर त्या जागी हवा अडकलेली नाही. सरकणे थांबलेले असेल, तर मात्र संशय घ्यावा लागतो. आणि सरकणारा व न सरकणारा भाग यांची सीमारेषा सापडली, तर निदान जवळजवळ निश्चित होते. न्यूमोनियाने घट्ट झालेले फुप्फुस यकृतासारखे भरीव दिसते. फुप्फुसावरणात साचलेले पाणी श्वासपटलाच्या वर काळ्या पोकळीसारखे दिसते.

आता आपल्या चार रुग्णांकडे परत या. पहिल्या बाईंच्या छातीत दोन्हीकडे 'बी' रेषांची गर्दी दिसेल. दुसरीच्या फुप्फुसावरणाचे सरकणे शाबूत असेल आणि खाली 'ए' रेषा असतील. तरुणाच्या एका बाजूला सरकणे थांबलेले असेल. शेतमजुराचे चित्र दुसऱ्या बाईंसारखेच, म्हणजे निरोगी दिसेल. ते निरोगी दिसणेच डॉक्टरांना बजावेल, की दोष फुप्फुसात नाही, इतरत्र शोधा. पापण्या पाहा, मानेतील ताकद पाहा. दोघांचे चित्र एकच आणि रोग मात्र वेगळे, हेही येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. यंत्र उत्तर देत नाही. ते शक्यतांची यादी लहान करते. उरलेले काम डॉक्टरांच्या बुद्धीचे आहे.

पुरावा काय सांगतो? लिश्टेन्श्टाइन आणि त्यांचे सहकारी मेझिएर यांनी २००८ साली 'ब्लू' या नावाने ओळखली जाणारी तपासणीची पद्धत प्रसिद्ध केली. तीव्र श्वसनविफलतेच्या २६० रुग्णांमध्ये या पद्धतीने ९०.५ टक्के वेळा योग्य निदान झाले. २०१२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने फुप्फुसांच्या सोनोग्राफीसाठी पुराव्यावर आधारित शिफारशी मांडल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात सात रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतील १००५ रुग्ण होते. ज्यांची धाप हृदयविफलतेमुळे होती, अशा दर १०० रुग्णांपैकी केवळ नेहमीच्या तपासणीने सुमारे ८५ ओळखले गेले. तीत सोनोग्राफीची भर पडल्यावर ९७. केवळ एक्स-रेने हे प्रमाण ७० च्या आसपास होते. डेन्मार्कमध्ये ३२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हृदय, फुप्फुसे आणि पायांच्या शिरा यांची सोनोग्राफी लवकर केलेल्या गटात चार तासांच्या आत ८८ टक्के रुग्णांचे प्राथमिक निदान बरोबर ठरले. दुसऱ्या गटात ते प्रमाण ६४ टक्के होते.

विज्ञानाच्या वाचकाने येथेच थांबू नये. त्याच डॅनिश प्रयोगात मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. अमेरिकेत हृदयविफलतेच्या १३० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 'बी' रेषा मोजत मोजत उपचार ठरवले गेले. सहा तासांनंतर पाहता दोन्ही गटांतील 'बी' रेषांच्या संख्येत फरक आढळला नाही. म्हणजे निदान सुधारते याचा पुरावा भक्कम आहे. त्यातून जीव किती वाचतात, याचा अजून तितका भक्कम नाही. तपासणाऱ्याच्या कौशल्यावर सारे अवलंबून असते. जुन्या क्षयाने किंवा तंतुमयतेने खराब झालेल्या फुप्फुसातही 'बी' रेषा दिसतात, आणि आपल्या देशात असे रुग्ण थोडे नाहीत. पृष्ठभागाला न टेकलेला न्यूमोनिया दिसतच नाही. प्रोब टेकवला की निदान झाले, अशा भ्रमात राहणारा डॉक्टर यंत्राविना काम करणाऱ्या सावध डॉक्टरापेक्षा अधिक धोकादायक असतो.

या मर्यादा मान्य करूनही माझ्या दृष्टीने पारडे सोनोग्राफीच्या बाजूनेच झुकते, आणि भारताच्या बाबतीत अधिकच. आपल्याकडे डेंग्यूमध्ये रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून छातीत साचतो. सलाइन किती द्यायचे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न असतो. क्षयामुळे फुप्फुसावरणात पाणी होते. संधिवाताच्या ज्वराने अरुंद झालेल्या झडपांमुळे तरुण स्त्रियांना गरोदरपणात धाप लागते. सीटी स्कॅन दूर आणि एक्स-रे बंद असलेल्या ठिकाणी, किरणोत्सर्ग नसलेली आणि हव्या तितक्या वेळा करता येणारी तपासणी ही चैन नसून गरज आहे.

मग अडते कोठे? एक उत्तर प्रशिक्षणाचे आहे. आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून आपल्या देशात मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. दुसरे उत्तर कायद्याचे आहे, आणि ते अधिक नाजूक आहे.

गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत झाला आणि १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहतो असे दिसल्यावर मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. या कडकपणामागे रडकथा नव्हती, हिशेब होता. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४५ होती, २००१ मध्ये ९२७ आणि २०११ मध्ये ९१८. सोनोग्राफीच्या यंत्राकडे भारतीय कायदा संशयाने पाहतो, कारण या यंत्राने आणि ते हाताळणाऱ्या काही डॉक्टरांनी तो संशय कमावलेला आहे.

म्हणून गर्भाचे लिंग ओळखू शकणारे प्रत्येक यंत्र नोंदणीकृत जागीच असावे लागते. २०१२ च्या नियमांनुसार सहज उचलून नेता येणारे यंत्र नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात दाखल रुग्णांसाठी किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. नोंदी न ठेवणे हा निव्वळ कारकुनी दोष नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. एमबीबीएस डॉक्टरांना सोनोग्राफी करायची असेल तर सहा महिन्यांचे प्रशिक्षण सांगणारे नियम २०१४ साली आले. त्या अटीला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये धक्का दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली. या प्रशिक्षणाचा विषय पोट आणि ओटीपोट हा आहे. सत्तर वर्षांच्या आजोबांच्या छातीवर प्रोब ठेवू इच्छिणाऱ्या डॉक्टराने आधी गर्भाशयाची सोनोग्राफी शिकावी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

यावर काही वैद्यकीय मंडळी म्हणतात, कायदाच सैल करा. मला हे मान्य नाही. हातात मावणारे आणि मोबाइलला जोडता येणारे यंत्र धापेच्या रुग्णापर्यंत जितक्या सहज पोहोचते, तितक्याच सहज ते एखाद्या बंद दाराआड गर्भवतीपर्यंतही पोहोचू शकते. 'प्रोब छातीसाठी आहे' ही पाटी लावल्याने प्रोबला ते कळत नाही. मुलींच्या जिवाची किंमत देऊन धापेच्या रुग्णाचा जीव वाचवायचा, असा सौदा कोणत्याही समाजाने करू नये.

परंतु हा सौदा करावा लागतो, हेच मुळात खरे नाही. कायद्याला गुन्हा रोखायचा आहे. त्यासाठी यंत्र कोठे आहे, कोणाच्या हाती आहे आणि त्याने काय पाहिले, एवढे कळणे आवश्यक आहे. या तिन्ही गोष्टी आपत्कालीन विभागात सांभाळता येतात. हा विभाग रुग्णालयातील सर्वांत गजबजलेला. तेथे परिचारिका, नातेवाईक आणि विद्यार्थी यांच्या नजरा सदैव असतात. कोल्हापूर जिल्ह्यात यंत्रांना जोडलेल्या 'सायलेंट ऑब्झर्व्हर' या उपकरणाने प्रत्येक तपासणीची चित्रे साठवण्याचा मार्ग दाखवला होता, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्या सक्तीला पाठिंबा दिला होता. जी नोंद गुन्हा पकडण्यासाठी उपयोगी, तीच नोंद शिकाऊ डॉक्टराची चूक दाखवण्यासाठीही उपयोगी. साठवलेले चित्र वरिष्ठाने दुसऱ्या दिवशी पाहिले, तर कायद्याची पाळत आणि वैद्यकाचे अध्यापन ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात.

म्हणून माझ्या सूचना तीन आहेत. पहिली, आपत्कालीन आणि अतिदक्षता विभागांतील हृदय, फुप्फुस आणि अपघातातील तपासणीसाठी केंद्राने नोंदणीची वेगळी, लेखी आणि सर्व राज्यांना सारखी लागू होणारी वाट आखावी. यंत्र विभागाबाहेर जाणार नाही आणि प्रत्येक तपासणीचे चित्र साठवले जाईल, या अटी त्यात असाव्यात. लिंगनिदानाची शिक्षा तसूभरही कमी होऊ नये. दुसरी, अशा डॉक्टरांसाठी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम त्यांच्या कामाशी जुळणारा असावा. छाती पाहणाऱ्याने छाती शिकावी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठरावीक तपासण्या कराव्यात आणि परीक्षा द्यावी. तिसरी, क्ष-किरण तज्ज्ञांनी याकडे आपल्या क्षेत्रावरील आक्रमण म्हणून पाहू नये. रात्री अडीच वाजता "पाणी आहे की नाही" या एका प्रश्नाचे उत्तर शोधणे आणि संपूर्ण अवयवाचा साद्यंत अहवाल देणे, ही दोन भिन्न कामे आहेत. स्टेथोस्कोप सर्वांच्या गळ्यात आला म्हणून हृदयरोगतज्ज्ञांची गरज संपली नाही.

या तिन्हींतील पहिली सूचना सर्वांत अवघड आहे, कारण तीत दोन न्याय्य भीती समोरासमोर उभ्या आहेत. एक भीती जन्मूच न दिलेल्या मुलींची, दुसरी निदानाअभावी गुदमरणाऱ्या रुग्णांची. दुसऱ्या भीतीची जनगणना होत नाही. चुकीच्या औषधाने दगावलेल्या रुग्णाच्या दाखल्यावर 'श्वसनविफलता' एवढेच लिहिले जाते, आणि ते खोटेही नसते. म्हणून तिचा आवाज धोरणापर्यंत पोहोचत नाही.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. संधी मिळेल तेव्हा फुप्फुसांची सोनोग्राफी शिका. पण आधी रुग्णाची हकीकत ऐका, छाती ठोकून पाहा, स्टेथोस्कोप लावा आणि आपले अनुमान कागदावर लिहून मगच पडद्याकडे पाहा. अनुमान चुकले तर का चुकले, ते शोधा. आणि या यंत्राभोवती इतकी कुलुपे का आहेत, हे कोणी विचारले तर कायद्याला दोष देऊन मोकळे होऊ नका. ती कुलुपे आपल्याच व्यवसायातील काही हातांमुळे लागली आहेत. विश्वास परत मिळवून ती उघडण्याचे कामही याच व्यवसायाला करावे लागेल.